एनएसआरएल आणि सर्कल हॅशलुकअप : नागपूरच्या टेबलावरून केलेली पारख

तपासणीला आलेला कॉम्प्युटर बर्डीच्या दुकानातला असो की सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या वकिलाच्या ऑफिसातला, पहिली अडचण एकच असते. नुसतं विंडोज टाकलं की लाखाच्या वर फाइली तयार होतात. त्यावर ऑफिस, ब्राउझर, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि अँटिव्हायरस चढतात. माणसाने स्वतः बनवलेल्या किंवा आणलेल्या फाइली या ढिगात जेमतेम काही हजार, आणि बघायच्या असतात त्याच. बाकीचा ढीग हाताने चाळायचा नसेल तर फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने निघणारा ठसा, काढून तो माहितीतल्या सॉफ्टवेअरच्या यादीशी जुळवायचा. धंद्यात याला ‘डी-निस्ट करणं’ म्हणतात. फुकट मिळणाऱ्या दोन सेवा यासाठी कामाच्या आहेत. एक, अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी, म्हणजे एनएसआरएल. दुसरी, लक्झेंबर्गच्या सर्कल या संस्थेची हॅशलुकअप. दोन्ही चांगल्या आहेत, पण एकीचं काम दुसरीकडून होत नाही. आणि दोन्हींचा चुकीचा अर्थ लावणं फार सोपं आहे.

आधी एनएसआरएल. निस्ट सॉफ्टवेअरची मूळ पॅकेजं गोळा करते, ती उघडून आतल्या प्रत्येक फाइलीचे हॅश काढते आणि दर तिमाहीला ‘रेफरन्स डेटा सेट’, म्हणजे आरडीएस, या नावाने यादी बाहेर काढते. पूर्वी ही यादी मजकुराच्या फाइलींत यायची. एका ओळीत एसएचए-१, एमडी५, सीआरसी३२ (हे असे ठसे काढायच्या वेगवेगळ्या पद्धती), फाइलचं नाव, आकार, प्रॉडक्ट कोड आणि ओएस कोड असायचे. आताची तिसरी आवृत्ती एसक्यूलाइट डेटाबेसच्या रूपात मिळते आणि तिच्यात एसएचए-२५६ सुद्धा आहे. आधुनिक पीसी, जुने पीसी, अँड्रॉइड आणि आयओएस असे संच वेगळे आहेत. ऑफिसातल्या मशीनला आधुनिक पीसीचा संच पुरतो. सगळे उतरवून जागा अडवण्यात अर्थ नाही.

उतरवताना ‘फुल’ आणि ‘मिनिमल’ यातला फरक लक्षात घ्या. मिनिमलमध्ये एका हॅशची एकच नोंद असते. फुलमध्ये तीच फाइल जितक्या पॅकेजांत सापडली तितक्या नोंदी असतात. नुसती चाळणी लावायची तर मिनिमल घ्या. ही फाइल कोणकोणत्या नावाने आणि कोणकोणत्या पॅकेजात येते हे बघायचं असेल तर फुलशिवाय चालत नाही. तिसरा पर्याय ‘डेल्टा’, म्हणजे मागच्या तिमाहीनंतरचा फरक. तो मागच्याच तिमाहीच्या प्रतीवर चढवायचा असतो. मधली एक तिमाही राहिली असेल तर नवी मिनिमल प्रत उतरवणं कमी डोकेदुखीचं.

झिप उघडल्यावर डेटाबेस कित्येक पट फुगतो, म्हणून ५०० जीबीची रिकामी एसएसडी हाताशी असू द्या. पेन ड्राइव्हवरून न्यायचा असेल तर तो आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅट करून घ्या. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि कॉपी अर्ध्यात थांबली की लोक बिचाऱ्या डाउनलोडला दोष देतात.

हे झालं की बहुतेकांची गाडी जिथे अडते ती जागा म्हणजे अक्षरं. हॅश सोळाच्या पायावर लिहितात, ० ते ९ आणि ए ते एफ. आरडीएसमध्ये ही अक्षरं कॅपिटल असतात. लिनक्सचा शा-२५६-सम आणि विंडोजचं सर्टयुटिल ही हॅश काढणारी साधनं स्मॉल अक्षरं देतात, विंडोजच्याच पॉवरशेल या कमांड विंडोतला गेट-फाइलहॅश पुन्हा कॅपिटल. एसक्यूलाइट बरोबरीची तुलना अक्षराला अक्षर लावून करतो, त्यामुळे स्मॉल अक्षरांची यादी थेट जुळवली तर एकही फाइल सापडत नाही आणि वाटतं की यादीच निकामी आहे. यावर घाईघाईने डेटाबेसच्या कॉलमला अक्षरं स्मॉल करणारं लोअर फंक्शन लावणारे बरेच भेटतील. तसं केलं की इंडेक्स, म्हणजे झटपट शोधाची सूची, वापरला जात नाही आणि प्रत्येक शोधाला अख्खं टेबल पालथं घातलं जातं. आपली यादी आधीच कॅपिटल करून घ्या. डेटाबेसला हात लावू नका.

दुसरा सापळा पॉवरशेलचा. विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीत ‘>’ हे चिन्ह लावून यादी फाइलीत वळवली तर ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. लिनक्सच्या साधनाला त्यात प्रत्येक अक्षरामागे एक शून्य बाइट दिसतो आणि काहीच जुळत नाही. एक्सपोर्ट-सीएसव्ही वापरा किंवा एन्कोडिंग आस्की सांगा. विंडोजवर बनवलेल्या यादीत ओळीच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्नही असतो. तो काढला नाही तर चाळीस अक्षरांच्या हॅशला एकेचाळीसावं अक्षर चिकटतं.

तिसरा सापळा तर अगदीच बाळबोध. सर्टयुटिलला अल्गोरिदमचं नाव सांगितलं नाही तर तो एसएचए-१ काढतो, गेट-फाइलहॅशला सांगितलं नाही तर तो एसएचए-२५६ काढतो. दोघं जण एकाच फाइलीचे हॅश काढतात आणि ‘जुळत नाही’ म्हणून हुज्जत घालतात. आधी लांबी मोजावी. ३२ अक्षरं म्हणजे एमडी५, ४० म्हणजे एसएचए-१, ६४ म्हणजे एसएचए-२५६.

फाइलीचं नाव देवनागरीत असेल तर जुन्या कमांड विंडोत त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. घाबरू नका. नाव हॅशमध्ये धरलंच जात नाही, हॅश बरोबरच आलेला असतो. फक्त अहवालात नाव नीट यावं म्हणून यादी यूटीएफ-८ मध्ये काढा.

आता हॅशलुकअप. ही सेवा वेबवर चालते. खातं नको, एपीआय-की (पासवर्डसारखी खूण) नको. पत्त्यात एमडी५, एसएचए-१ किंवा एसएचए-२५६ लिहून हॅश जोडला की जेसन या मजकुराच्या ठराविक साच्यात उत्तर येतं. फाइलीचं नाव, आकार, नोंद कुठून आली, कोणत्या पॅकेजाच्या पोटात ती आहे हे सगळं त्यात असतं. सापडलं नाही तर ४०४ हा कोड. पुष्कळ हॅश असतील तर एकेक विचारत बसू नका. ‘बल्क’ची सोय आहे, पूर्ण यादी एका पोस्ट विनंतीत पाठवता येते. एनएसआरएलची माहिती तर हिच्यात आहेच, शिवाय लिनक्सच्या वितरणांची पॅकेजंही आहेत. सर्व्हर लिनक्सचा असेल तर एनएसआरएलपेक्षा ही सेवा जास्त उपयोगी पडते.

यातली सगळ्यात गुणी गोष्ट म्हणजे ‘पेरेंट’ आणि ‘चिल्ड्रन’. एखादी डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या कोडची फाइल) दिली तर ती कोणकोणत्या पॅकेजांत येते ते कळतं, आणि पॅकेजाचा हॅश दिला तर आतल्या फाइलींची यादी मिळते. इन्स्टॉलरचा हॅश जुळला पण इन्स्टॉल झालेल्या फाइली जुळल्या नाहीत, असं वरचेवर होतं. तिथे हे दोन पर्याय तासन्‌तास वाचवतात.

उत्तरात ‘ट्रस्ट’ नावाचा आकडा असतो, ० ते १००. ५० म्हणजे सेवेचं काहीच मत नाही. नोंद एकाहून जास्त ठिकाणांहून आली असेल तर आकडा वर जातो, घातक म्हणून ओळखली गेली असेल तर खाली येतो. हे परीक्षेचे मार्क नाहीत. ५५ आले म्हणून फाइल ‘पास’ असं अहवालात लिहिलेलं दिसलं तर तो अहवाल परत पाठवावा.

एनएसआरएललाही हाच मुद्दा लागू आहे. ही ‘चांगल्या’ फाइलींची यादी नाही, माहितीतल्या फाइलींची यादी आहे, आणि निस्ट स्वतः तसं स्पष्ट सांगते. पासवर्ड तोडणारी आणि चित्रात मजकूर लपवणारी साधनं विकत किंवा फुकट मिळतात, म्हणून तीही या यादीत आहेत. जुळलेलं सगळं डोळे मिटून वगळलं तर तपासणाऱ्याला ज्यात रस असायला हवा ते साधनही वगळलं जातं.

याचा सगळ्यात बोलका नमुना शिफ्टचं बटण पाच वेळा दाबल्यावर उघडणाऱ्या प्रोग्रामचा. विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या त्या फाइलीचं नाव सेथसी.ईएक्सई. जुनी आणि प्रसिद्ध लबाडी अशी की ती फाइल काढायची, तिच्या जागी कमांड विंडोची सीएमडी.ईएक्सई ठेवायची आणि नाव सेथसीचं द्यायचं. मग लॉगिनच्या पडद्यावरच शिफ्ट पाच वेळा दाबलं की पासवर्डशिवाय कमांड विंडो उघडते, तीही सिस्टमच्या अधिकाराने. आता हॅश लावा. फाइल मायक्रोसॉफ्टचीच आहे, एका बिटाचाही फरक नाही, यादीत तिची नोंद आहे. चाळणी तिला ‘ओळखीची’ म्हणून बाजूला टाकते. म्हणजे मशीनवरचा सगळ्यात मोठा पुरावा आपणच झाकतो.

उपाय अवघड नाही, पण हॅशची चाळणी तो आपणहून करत नाही. जुळलेल्या फाइली टाकून देण्याआधी डिस्कवरचं नाव आणि यादीतलं नाव शेजारी ठेवा. सगळ्या फाइलींसाठी हे करायला गेलात तर हजारो खोटे इशारे येतील, कारण एकच आयकॉन किंवा परवान्याचा मजकूर शंभर नावांनी फिरत असतो. फक्त चालणाऱ्या फाइली घ्या, त्यातही सिस्टम३२ आणि टेम्प फोल्डर आधी. इथे मिनिमल संच दगा देतो, कारण एका हॅशला त्यात एकच नाव असतं. हे काम फुलवर करा. अजून एक खात्री म्हणून फाइलीच्या गुणधर्मांत ‘ओरिजिनल फाइलनेम’ बघा. सेथसी नावाच्या फाइलीत तिथे सीएमडी दिसलं तर जास्त विचार करायची गरज नाही.

जागा सुद्धा बघावी. विंडोजची अस्सल फाइल टेम्पमध्ये बसली असेल तर ती तिथे का, हा प्रश्न हॅश सोडवत नाही. अस्सल, सही असलेला प्रोग्राम आणि त्याच्या शेजारी ठेवलेली बनावट डीएलएल ही जोडी तर चोरांची आवडती. प्रोग्राम जुळतो, डीएलएल जुळत नाही, आणि जुळलेला प्रोग्राम वगळला की डीएलएल एकटी निरुपद्रवी दिसते. एनटीएफएसवर फाइलीला चिकटलेले पर्यायी डेटा स्ट्रीम, म्हणजे वेगळे लपलेले प्रवाहही असतात. सर्टयुटिल मुख्य मजकुराचाच हॅश काढतो, त्यामुळे ओळखीच्या फाइलीच्या पाठीवर बसवलेला प्रवाह तसाच सुटतो. ऑटोप्सीसारखं डिस्क तपासण्याचं साधन त्याला वेगळी फाइल म्हणून दाखवतं, म्हणून हॅश काढायचे ते अशा साधनातून, इमेजवर, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब प्रतीवर.

उलट बाजूही सांगायला हवी. न जुळणं म्हणजे संशय नाही. ब्राउझर दर काही आठवड्यांनी बदलतो आणि यादी येते तिमाहीला, त्यामुळे नवी आवृत्ती कायम मागे राहणार. पायथनच्या पीवायसी फाइलींच्या डोक्यावर मूळ फाइलची वेळ लिहिलेली असते, म्हणून तोच कोड दोन मशीनवर दोन हॅश देतो. मजकुराच्या फाइलींत गिट या कोड सांभाळणाऱ्या साधनाने ओळींचे शेवट बदलले की हॅश बदलला. कोणते प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणाऱ्या विंडोजच्या अ‍ॅपलॉकरमधून उचललेला हॅश तर जुळणारच नाही. तो ऑथेन्टिकोड पद्धतीने, सहीचा भाग वगळून काढलेला असतो आणि या याद्या पूर्ण फाइलीच्या हॅशवर चालतात. रिकाम्या फाइलींची गंमत याच्या उलट. शून्य बाइटच्या प्रत्येक फाइलीचा हॅश एकच, म्हणून ती कशाशीही जुळते. डी४१डी८ ने सुरू होणारा एमडी५, डीए३९ए३ ने सुरू होणारा एसएचए-१ किंवा ई३बी०सी४४२ ने सुरू होणारा एसएचए-२५६ दिसला की तो शून्य बाइटचा समजा आणि आकड्यांतून वगळा.

हॅशलुकअप वापरताना गुप्ततेचा विचार करा. हॅशवरून फाइल परत बनवता येत नाही हे खरं, पण ज्याच्याकडे तीच फाइल आहे त्याला तुमच्याकडे ती आहे हे कळतं. डीएनएसने, म्हणजे वेबसाइटचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेतून, विचारण्याची सोय छान आणि झटपट आहे, पण तो प्रश्न उघड्यावर तुमच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरमधून जातो. चालू प्रकरणात ती वापरू नये. यासाठी सर्कल एक ब्लूम फिल्टर, म्हणजे सगळ्या हॅशचा आटवलेला सारांश, देते. ती एकच फाइल उतरवायची आणि नेट बंद करून हॅश जुळवायचे. ‘हॅशलुकअप फॉरेन्सिक अ‍ॅनलायझर’ हे त्यांचंच पायथनमधलं साधन त्यावर चालतं. त्याला फोल्डर दाखवा, फिल्टर दाखवा, ते माहितीतल्या आणि अनोळखी फाइली वेगळ्या करतं. ब्लूम फिल्टरचा स्वभाव मात्र ओळखून असा. तो ‘नाही’ म्हणाला तर नक्की नाही. ‘हो’ म्हणाला तर बहुधा हो, क्वचित खोटं. आणि नाव किंवा पॅकेज तो सांगतच नाही, त्यामुळे वरचं सेथसीचं प्रकरण त्यातून कधीच पकडता येणार नाही. व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या वेबसाइटबाबतही एवढंच की तिथे हॅश शोधा, फाइल चढवू नका. चढवलेली फाइल त्यांच्या सशुल्क ग्राहकांना उतरवता येते. अशिलाचा करारनामा असा बाहेर गेला की परत येत नाही.

बसवलेल्या फाइली बदलल्या का हे बघायला लिनक्सच्या डेबियन किंवा उबुंटूच्या सर्व्हरवर डेबसम्स आणि रेडहॅटच्या कुळात आरपीएमची व्हेरिफाय सोय घरचीच आहे. आरपीएमच्या ओळीत तिसऱ्या जागी ५ दिसला म्हणजे मजकूर बदलला, पुढे सी असेल तर ती सेटिंगची फाइल आहे आणि बदल बहुधा मालकानेच केलेला. डेबसम्स सेटिंगच्या फाइली मुळातच सोडून देतो, मुद्दाम सांगावं लागतं. पण ज्या यादीशी तुलना होते ती त्याच डिस्कवर असते, आणि घुसखोराला रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकार, मिळाला असेल तर यादीही त्याच्याच हातात. म्हणून पहिली फेरी घरच्या साधनाने, आणि निर्णायक फाइली हॅशलुकअपवर किंवा डेबियनच्या जुन्या पॅकेजांच्या स्नॅपशॉट संग्रहावर. तो संग्रह फाइली एसएचए-१ नेच ओळखतो.

‘एमडी५ तुटलाय, मग ऑटोप्सी त्याच्यावर का जुळवतो?’ हा प्रश्न हमखास येतो. २००४ मध्ये एमडी५ च्या आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये एसएचए-१ च्या टकरी, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश, जाहीर झाल्या. २०१७ ला अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गुगल यांनी एकाच हॅशच्या दोन पीडीएफ दाखवल्या. पण टक्कर म्हणजे एकाच माणसाने दोन्ही फाइली बनवणं. मायक्रोसॉफ्टच्या तयार फाइलीशी जुळणारी घातक फाइल घडवणं हे वेगळं काम, आणि ते एमडी५ वरही आज कोणाला व्यवहारात जमत नाही. चाळणीला एमडी५ चालतो. पुराव्याला एसएचए-२५६ घ्या, भांडण नको.

पुराव्याचा विषय निघालाच आहे तर भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश आणि अल्गोरिदम लिहायची जागा आहे, भाग ए आणि भाग बी दोन्हींत. तिथे जातो तो इमेजचा किंवा सादर केलेल्या फाइलीचा हॅश. एनएसआरएलशी काय जुळलं याचा त्या रकान्याशी संबंध नाही. जुळवणीचा निकाल अहवालाच्या पद्धतीच्या भागात लिहायचा. हे दोन्ही एकत्र कालवले की उलटतपासणीत वकील त्याच गाठीवर बोट ठेवणार.

वेळेचा हिशेब साधा आहे. ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचत असेल तर पूर्ण इमेजला दीड तासाच्या आत काम होतं. लहान लहान फाइली एकेक वाचायच्या तर याच्या कितीतरी पट. अडतं ते वाचनावर, हॅशच्या गणितावर नाही. म्हणून एमडी५ आणि एसएचए-२५६ एकाच फेरीत काढा, डिस्क दोनदा वाचू नका. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना बंद डबीतली बाहेरची डिस्क तापते आणि यूएसबी मध्येच सुटते. पंख्यासमोर ठेवा, यूपीएसवर ठेवा. दोन फेऱ्यांत इमेजचा हॅश वेगळा आला तर आधी केबल आणि वाचनातल्या चुकांची नोंद बघा, छेडछाडीचा आरोप नंतर.

या दोन्ही सेवांची खरी उणीव इथल्या मशीनवर जाणवते. गावातल्या प्रोग्रामरने तीन दुकानांसाठी लिहिलेलं बिलिंगचं पॅकेज निस्टच्या मेरीलँडमधल्या संग्रहात असण्याचं काही कारण नाही. मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट आणि ऑफिसात हातोहात फिरलेले कीबोर्ड ड्रायव्हर यांचीही हमी नाही. ते सगळं ‘अनोळखी’च्या ढिगात पडतं आणि ढीग उगाच मोठा होतो. यासाठी स्वतःची यादी ठेवावी. कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर विंडोज टाका, सगळे हॅश काढा. मग विक्रेत्याकडून थेट घेतलेलं पॅकेज टाका, एकदा उघडून बंद करा, पुन्हा हॅश काढा. दोन याद्यांतला फरक म्हणजे त्या पॅकेजाची ओळख. त्यातून लॉग, तात्पुरत्या फाइली आणि परवान्याची फाइल काढून टाका, त्या प्रत्येक मशीनवर वेगळ्याच असणार. हॅशडीप नावाचा प्रोग्राम ही यादी बनवतो आणि नंतर तिच्याशी जुळवूनही देतो. ग्राहकाच्या चालू मशीनवरून अशी यादी कधी बनवू नका. तिथे आधीच काही घुसलेलं असेल तर आपणच त्याला ओळखपत्र दिल्यासारखं होतं.

स्वतःची यादी आणि निस्टची यादी एकाच डेटाबेसमध्ये मिसळू नका, ऑटोप्सीत दोन्ही वेगळ्या नावांनी जोडा. आणि अहवालात आरडीएसची तिमाही, फुल की मिनिमल, आणि उतरवलेल्या झिपचा स्वतःचा हॅश या तीन गोष्टी लिहा. तीच मशीन सहा महिन्यांनी दुसऱ्याने नव्या यादीने तपासली तर अनोळखी फाइलींचा आकडा कमी येणार, आणि तो का कमी आला हे त्या एका ओळीवरून कळेल.